पालेर्मोच्या बाजारातील खाद्यफेरी : चवीची तिजारत आणि इमानदारीचा हिशेब

पर्यटनाचा धंदा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मोठी हॉटेले, विमान कंपन्या आणि बसगाड्या येतात. परंतु ज्या धंद्याला दुकान लागत नाही, गोदाम लागत नाही आणि ज्याचे खरे भांडवल म्हणजे आपल्या मोहल्ल्याची माहिती, असाही एक धंदा आज जगभर चालतो. शहराच्या जुन्या भागातून पर्यटकांना पायी फिरवायचे, पाच-सहा ठिकाणी तिथले खास पदार्थ खाऊ घालायचे आणि त्या निमित्ताने त्या भागाचा इतिहास सांगायचा. याला खाद्यफेरी म्हणता येईल. इटलीतील सिसिली बेटाची राजधानी पालेर्मो येथे हा धंदा चांगलाच रुजला आहे. आपल्या वाचकांना या शहरात रस वाटावा, याला धंद्याखेरीज इतरही कारणे आहेत.

बाजार जुना, नावे अरबी

मुसलमानांनी पालेर्मो इ.स. 831 मध्ये जिंकले आणि 1072 मध्ये ते नॉर्मन सरदारांच्या हाती गेले. या सुमारे 240 वर्षांत शहराचा कायापालट झाला. 973 मध्ये इथे आलेल्या इब्न हौकल या प्रवाशाने तीनशेवर मशिदी आणि खाटकांची दीडशेवर दुकाने असल्याची नोंद केली आहे. लिंबू, कडू संत्रे, ऊस आणि भात यांची लागवड या बेटावर अरबांमुळे वाढली. नॉर्मन राजा रॉजर दुसरा याच्या दरबारातील भूगोलतज्ज्ञ अल्-इद्रीसी याने 1154 मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात, पालेर्मोजवळील त्राबिया गावी 'इत्रिय्या' म्हणजे सुकवलेल्या शेवया तयार होत आणि जहाजांतून मुस्लिम व ख्रिस्ती मुलखांत जात, असे लिहिले आहे. आज सारे जग ज्याला पास्ता म्हणते, त्याच्या निर्यातीची ही फार जुनी नोंद आहे.

तेराव्या शतकात सिसिलीतील उरलेल्या मुसलमानांना बेट सोडावे लागले. नावे मात्र राहिली. शहराच्या मुख्य रस्त्याचे जुने नाव 'कास्सारो', म्हणजे अल्-कस्र. समुद्राकडील मोहल्ला 'काल्सा', म्हणजे अल्-खालिसा. 'बल्लारो' या सर्वांत गजबजलेल्या बाजाराचे नाव जवळच्या बल्हरा गावावरून आले असे बरेच अभ्यासक मानतात. दुसरे एक मत असे की दख्खनच्या राष्ट्रकूट राजांना अरब लोक 'बल्हरा' म्हणत आणि त्यांच्या मुलखातील मसाले इथे विकले जात, म्हणून हे नाव पडले. हे दुसरे मत सिद्ध झालेले नाही. पण त्याच बल्हरांच्या राज्यातील आपल्या चौल बंदरात 916 च्या सुमारास अल्-मसऊदी येऊन गेला आणि तिथे त्याला मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती दिसली, ही गोष्ट मात्र इतिहासात नोंदलेली आहे.

फेरीत काय असते?

फेरी साधारणपणे सकाळी निघते आणि तीन तास चालते. दहा-बारा माणसांचा गट, एक वाटाड्या. कापो, बल्लारो किंवा वुच्चिरिया या जुन्या बाजारांपैकी एक-दोन बाजार घेतले जातात. पदार्थ पाहिले तर बहुतेक गरिबांचे आहेत. 'पानेल्ले' म्हणजे चण्याचे पीठ पाण्यात शिजवून, थापून, वड्या पाडून तळलेले. आपली पाटवडी तळली तर जशी लागेल तसेच. ते तीळ लावलेल्या पावात घालून वर लिंबू पिळून खातात. 'आरांचिना' हा केशरी भाताचा, आत खिमा व वाटाणे भरून तळलेला संत्र्याएवढा गोळा. 'स्फिन्चोने' हा टोमॅटो, कांदा, लहान खारे मासे आणि चीज घातलेला जाड, मऊ पाव. तीनचाकी टेम्पोतून भोंगा लावून विकतात. 'स्तिग्योला' म्हणजे कोळशावर भाजलेली आतडी. 'पाने का मेउसा' म्हणजे वासराची प्लीहा व फुप्फुस घातलेला पाव. ज्यू खाटकांना मजुरीबद्दल पैशाऐवजी जनावराचे आतले भाग मिळत, त्यातून हा पदार्थ निघाला असे परंपरा सांगते. 1492 च्या स्पॅनिश फर्मानाने ज्यूंना तेथून जावे लागले, पदार्थ मात्र राहिला. 1834 मध्ये सुरू झालेले एक दुकान आजही तो विकते.

इथे वाचकांना एक इशारा देणे आवश्यक आहे. पदार्थाचे मूळ अरबी आहे म्हणून तो हलाल असेल, असे समजू नये. प्लीहेचा पाव आज डुकराच्या चरबीत तळतात. आरांचिनाच्या एका प्रकारात डुकराचे मांस असते. 'कान्नोली' या गोड पदार्थाच्या पापडीत अनेकदा डुकराची चरबी व दारू घातलेली असते. पानेल्ले मुळात चण्याचे, तरीही तेल कोणते आणि त्यात आधी काय तळले हे विचारूनच घ्यावे. फेरीची जागा राखून ठेवतानाच आपली अट सांगितली तर चांगला आयोजक दुसरी सोय करतो.

पैसा कोणाकडे जातो?

आता व्यापाराचा भाग पाहू. खरे आकडे प्रत्येक आयोजकाचे वेगळे असतात. म्हणून समजण्यापुरते एक उदाहरण घेऊ. समजा, दहा माणसांकडून प्रत्येकी 40 युरो घेतले. एकूण जमा 400. खाण्यापिण्यावर माणशी 12 प्रमाणे 120 युरो गेले. वाटाड्याची मजुरी 100. ज्या आरक्षण कंपनीने गिऱ्हाईक आणले तिचे कमिशन शेकडा 20 प्रमाणे 80. उरले 100. त्यातून विमा, कर, जाहिरात आणि कार्यालयाचा खर्च. गट दहाऐवजी चारचाच झाला तर जमा 160 होते. खाणे 48 आणि कमिशन 32 होईल, पण वाटाड्याची मजुरी 100 च राहते. म्हणजे 20 युरोचा तोटा. या धंद्यात भांडवल थोडे लागते, परंतु तो गटाच्या संख्येवर उभा असतो, हे नीट लक्षात घ्यावे.

दुसरी बाब फेरीवाल्याची. 400 पैकी त्याच्या गल्ल्यात आले 120, तेही पाच-सहा जणांत वाटून. पर्यटक फोटो काढत ठेल्यासमोर उभे राहिले आणि रोजचे गिऱ्हाईक मागे फिरले, तर हे उत्पन्नही तोट्याचे ठरते. म्हणून चांगले आयोजक विक्रेत्याशी आधी दर ठरवतात, रोख पैसे त्याच जागी देतात आणि गर्दीची वेळ टाळतात. वाईट आयोजक उलट विक्रेत्याकडूनच कमिशन मागतात आणि जास्त कमिशन देणाऱ्याच्या मालाला 'शहरातील उत्तम' म्हणतात. पाहुण्याला हे माहीत नसते. शरीअतच्या भाषेत हा अमानतीत खियानतीचा प्रकार आहे. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर अशी पत फार दिवस टिकत नाही.

खंडणीविरुद्ध उभा राहिलेला बाजार

पालेर्मोच्या बाजारावर याहून मोठे संकट होते. ते म्हणजे माफियाची खंडणी. तिला तिथे 'पित्सो' म्हणतात. लिबेरो ग्रास्सी या कपड्यांच्या कारखानदाराने जानेवारी 1991 मध्ये वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून खंडणी देण्यास नकार दिला. इतर कारखानदारांची साथ त्याला मिळाली नाही. 29 ऑगस्ट 1991 रोजी त्याला गोळ्या घालून ठार करण्यात आले.

2004 मध्ये काही तरुणांनी रातोरात शहरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. खंडणी देणारा समाज आपली इज्जत गमावतो, अशा आशयाचा तो मजकूर होता. त्यातून 'अद्दिओपित्सो' म्हणजे 'खंडणीला रामराम' ही चळवळ उभी राहिली. तिची युक्ती व्यापारी होती. जे दुकानदार खंडणी देत नाहीत त्यांची यादी करायची आणि गिऱ्हाइकांनी त्यांच्याकडेच खरेदी करायची. एकटा दुकानदार मारला जातो, पण त्याच्यामागे शेकडो दुकानदार व हजारो गिऱ्हाईक उभे राहिले की मारणे अवघड होते. 2009 पासून याच चळवळीतून अशा दुकानांवरून जाणाऱ्या पर्यटकांच्या सहलीही निघू लागल्या.

2016 मध्ये व्हिया माकेदा या रस्त्यावरील परदेशी दुकानदार, ज्यांत बहुतेक बांगलादेशी होते, पुढे आले. वर्षानुवर्षे सोसलेल्या खंडणीबद्दल त्यांनी पोलिसांकडे साक्ष दिली आणि दहा जणांना अटक झाली. परक्या मुलखात, परकी भाषा, लहानसे दुकान, घरी मुलेबाळे. तरीही हे लोक मागे हटले नाहीत. ज्या शहरातून मुसलमानांना काढण्यात आले होते, तिथे सातशे वर्षांनंतर कष्टकरी मुसलमान दुकानदारांनी बाजाराची इज्जत राखली. पर्यटकांना सांगण्याजोगी याहून मोठी गोष्ट कोणती?

आपल्याकडे काय करता येईल?

2015 मध्ये पालेर्मोच्या अरब-नॉर्मन इमारतींना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यामुळे पर्यटक वाढण्यास मदत झाली. पण इमारत पाहणारा माणूस तासाभरात निघून जातो आणि बाजारात जेवणारा माणूस पैसे ठेवून जातो, हे तिथल्या लोकांनी ओळखले.

आपल्याकडे मिनारा मशिदीची गल्ली आहे, बोहरी मोहल्ला आहे, औरंगाबादी नान-कलिया आहे, कोकणातले सांदण आहे. मुंबईत अशा फेऱ्या निघतातही. परंतु आपल्या मोहल्ल्याची गोष्ट आपल्याच मुलांनी सांगावी, असे वाटत असेल तर तयारी हवी. मराठी, हिंदी व इंग्रजी स्वच्छ बोलता आली पाहिजे. खरा इतिहास आणि ऐकीव गोष्ट यांतला फरक पाहुण्याला सांगता आला पाहिजे. ठेल्याची स्वच्छता आणि पिण्याचे पाणी यांची खात्री स्वतः करून घेतली पाहिजे. परवाना व कर यांची माहिती आधी घ्यावी. विक्रेत्याचा हिस्सा ठरवून, लिहून, त्याच दिवशी चुकता करावा.

सच्च्या आणि अमानतदार व्यापाऱ्याचा दर्जा किती उंच आहे हे आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. सुरुवात लहान करावी. एक गल्ली, चार पाहुणे, तीन ठेले आणि चोख हिशेब. बरकत देणारा अल्लाह आहे.