विश्लेषण : अमेरिकेत कॉलेजची फी भरली, म्हणजे करसवलत मिळतेच का?

अमेरिकेत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना वर्षाच्या सुरुवातीला अनेक विद्यापीठांकडून ‘फॉर्म १०९८-टी’ मिळतो. आदल्या वर्षी किती फी भरली, किती शिष्यवृत्ती मिळाली, याची नोंद त्यात असते. हा फॉर्म हाती आला म्हणजे शिक्षणावरील टॅक्स क्रेडिट मिळणारच, असे अनेकांना वाटते. भारतातून गेलेल्या विद्यार्थ्यांना हा गैरसमज महागात पडू शकतो.

टॅक्स क्रेडिट म्हणजे काय?

वजावटीमुळे करपात्र उत्पन्न कमी होते. क्रेडिट मात्र थेट करातून वजा होते. अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी अशी दोन क्रेडिट आहेत. ‘अमेरिकन अपॉर्च्युनिटी’मध्ये पहिल्या २,००० डॉलर खर्चाचे पूर्ण आणि पुढच्या २,००० डॉलरचे २५ टक्के, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्यामागे कमाल २,५०० डॉलर मिळतात. कर शून्य असला तरी त्यातील १,००० डॉलरपर्यंत परतावा मिळू शकतो. ‘लाइफटाइम लर्निंग’मध्ये १०,००० डॉलरपर्यंतच्या खर्चाचे २० टक्के, म्हणजे एका रिटर्नवर कमाल २,००० डॉलर मिळतात, त्यात परतावा नाही.

पात्र कोण?

पहिले क्रेडिट उच्च शिक्षणाच्या पहिल्या चार वर्षांपुरते आहे आणि विद्यार्थी किमान अर्धवेळ अभ्यासक्रमात असावा लागतो. एमएस किंवा पीएचडी करणाऱ्यांसाठी दुसरे क्रेडिट उरते. त्याला वर्षांची मर्यादा नाही. एकट्याचे उत्पन्न ८० हजार डॉलरच्या पुढे गेले की दोन्ही क्रेडिट कमी होऊ लागतात आणि ९० हजारांवर बंद होतात. पती-पत्नीच्या संयुक्त रिटर्नसाठी ही मर्यादा १ लाख ६० हजार ते १ लाख ८० हजार डॉलर आहे. पालकांनी रिटर्नमध्ये मुलाला ‘अवलंबित’ दाखवले असेल, तर क्रेडिटचा दावा पालकांनीच करायचा. खोलीभाडे, जेवण आणि आरोग्य विमा यांचा खर्च धरला जात नाही.

भारतीय विद्यार्थी कुठे अडतात?

करवर्षाच्या कोणत्याही काळात करदाता ‘अनिवासी’ असेल, तर सहसा ही क्रेडिट मिळत नाहीत. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थी साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षे करासाठी अनिवासीच असतो. ऑगस्ट २०२१ मध्ये गेलेल्याचे ते चार-पाच महिनेही एक पूर्ण वर्ष धरले जातात. म्हणजे २०२१ ते २०२५ ही त्याची पाच वर्षे. २०२६ मध्ये तो तिथेच राहिला, तर वास्तव्याच्या दिवसांची अट पूर्ण करून ‘निवासी’ ठरू शकतो. पत्नी किंवा पती अमेरिकेचा नागरिक अथवा निवासी असेल, तर दोघांनी संयुक्त रिटर्न भरून निवासी मानले जाण्याचा पर्याय असतो.

चूक होते कशी, परिणाम काय?

अनिवासींसाठीचा फॉर्म ‘१०४०-एनआर’ आहे. पण निवासींसाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरवर घाईत रिटर्न भरले, की ‘१०४०’ तयार होतो आणि क्रेडिटही आपोआप जोडले जाऊ शकते. परतावा खात्यात जमा झाला म्हणजे दावा योग्य ठरला, असे नाही. अपात्र ठरल्यास रक्कम व्याजासह परत करावी लागते, दंडही होऊ शकतो. नियमांकडे बेफिकिरीने दुर्लक्ष केल्याचे दिसल्यास ‘अमेरिकन अपॉर्च्युनिटी’वर दोन वर्षे, फसवणूक सिद्ध झाल्यास दहा वर्षे बंदी येते. चूक लक्षात आल्यास ‘१०४०-एक्स’ भरून दुरुस्ती करता येते.

मग हाती काय उरते?

भारत-अमेरिका करकरारामुळे अनिवासी भारतीय विद्यार्थ्यांना ‘स्टँडर्ड डिडक्शन’ घेता येते. बहुतेक इतर देशांच्या अनिवासी विद्यार्थ्यांना ते मिळत नाही. कॅम्पसवरील नोकरी किंवा इंटर्नशिपच्या पगारावरील कर त्यामुळे बराच कमी होतो.

इकडे पालकांनी मुलाच्या शिक्षणासाठी स्वतःच्या नावावर बँकेचे शैक्षणिक कर्ज घेतले असेल, तर परदेशी शिक्षण असूनही व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते. मात्र जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. परदेशी कॉलेजच्या फीवर ‘८०सी’सारखी वजावट नाही.

थोडक्यात, रिटर्न भरण्यापूर्वी फीची पावती नंतर पाहावी. आपण अमेरिकेत किती कॅलेंडर वर्षे आहोत, हे आधी मोजावे.