रकाना क्रमांक आठ

सकाळी 8. द्रोणागिरीतलं ऑफिस उघडलं की आधी कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर रात्रीत काय पुढं सरकलं ते बघतो. न्हावा शेवाला उतरलेला माल कस्टममधून सोडवून देणं हा आमचा व्यवसाय. आज थायलंडहून आलेल्या मोटरींचा कंटेनर आहे. भारत-आसियान माल व्यापार करार 1 जानेवारी 2010 पासून लागू आहे आणि थायलंड त्यात आहे, म्हणून आयातदाराला ड्युटीत सवलत हवी आहे.

9.30. मालाच्या मूळ देशाचा दाखला, म्हणजे फॉर्म एआय, वाचायला घेतो. इन्व्हॉइस सिंगापूरच्या कंपनीचं आहे. ते चालतं, फक्त तेराव्या रकान्यात तशी खूण लागते. खरी गोष्ट आठव्या रकान्यात: किमान 35 टक्के मूल्य करारातल्या देशांतलं, शिवाय मालाच्या वर्गीकरणाच्या एचएस कोडचं सहाआकडी उपशीर्षक बदललेलं. मोटरीतली तांब्याची तार चीनची असू शकते आणि चीन या करारात नाही. तेवढ्यानं सवलत जात नाही. पण मोटर थायलंडमध्ये घडली की तिथं नुसती खोक्यात भरली, हे आकड्यांनी दाखवावं लागतं.

11. मोटरींच्या मुळाबद्दल कस्टमची क्वेरी आली. फेसलेस असेसमेंटमुळे अधिकारी दुसऱ्याच बंदरावर असू शकतो. 21 सप्टेंबर 2020 पासून कॅरोटार नियम लागू झाले, तेव्हापासून मालाचं मूळ सिद्ध करणारी माहिती आयातदारानं स्वतःकडे ठेवायची आहे, तीही पाच वर्षं.

आयातदाराचा फोन. "अहो, दाखला आहे ना? मग अजून काय पाहिजे?"

"शेठ, दाखला त्यांच्या सरकारनं दिलाय. माल कसा बनला ते आपल्याला ठाऊक हवं."

थायलंडचा कारखाना खर्चाचा तपशील गिऱ्हाइकाला द्यायला कचरतो, भाव फुटेल म्हणून. त्याची भीती मला पटते. म्हणूनच ही विचारणा ऑर्डर देण्याआधी व्हावी, असं मी प्रत्येकाला सांगत असतो.

1.30. डबा.

3. नॉर्वेला जाणाऱ्या मालाची कागदपत्रं. आइसलँड, लिक्टेनश्टाइन, नॉर्वे, स्वित्झर्लंड या चार एफ्टा देशांशी आपला करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झालाय. हे चारही युरोपीय संघाबाहेरचे. निर्यातदार जर्मनीलाही त्यांच्यात धरत होता, त्याला समजावलं.

5.30. एक नवा आयातदार श्रीलंकेहून मिरी आणू म्हणतोय. इथं मी थांबतो. आसियान करारात मिरीवरची ड्युटी उतरून उतरून 50 टक्क्यांवर आली. साफ्टा या दक्षिण आशियाई देशांच्या करारात श्रीलंकेच्या मिरीवर ती 8 टक्के. व्हिएतनाम आसियान करारात आहे, साफ्टात नाही. एवढा फरक असला की व्हिएतनामची मिरी कोलंबोवरून वळवण्याचा मोह होतो, आणि त्याची किंमत इडुक्की, कोडगूपासून आपल्या सिंधुदुर्गात पोफळीवर वेल चढवणाऱ्यापर्यंत सगळे मोजतात. मळे कुठले, खरेदीच्या पावत्या कोणाच्या, पुरवठादार स्वतः व्हिएतनामहून मिरी मागवतो का, याची कागदपत्रं आली तरच साफ्टाची सवलत मागून बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचं घोषणापत्र, भरू, असं त्याला लेखी कळवलं.