वाळवी खाऊन समुद्र ओलांडणारा ससाणा

पक्ष्याच्या नावानं उत्सव भरतो, हे कधी ऐकलंय का? मणिपूरच्या डोंगरांत तामेंगलाँग नावाचं गाव आहे. पाऊस सरला, हवा गार झाली, की नोव्हेंबरात तिथे अमूर ससाण्याचा उत्सव होतो. खाली माणसं जमतात आणि वर हे पाहुणे घिरट्या घालत असतात. एकदोन नव्हे, हजारो! संध्याकाळी ते बांबूच्या बनांत मुक्कामाला उतरतात.

हा शिकारी पक्षी असला तरी आहे केवढासा! वजन साधारण दीडशे ग्रॅम, म्हणजे कबुतराच्या निम्मंच. आणि गंमत ऐका. बाकदार चोच, तीक्ष्ण नख्या पाहून ससाणा आपल्याला गरुडाचा भाऊ वाटतो. पण शास्त्रज्ञांनी डीएनए तपासला, तेव्हा कळलं की ससाण्यांचं जवळचं नातं गरुडांशी नाही, पोपटांशी आहे!

अमूर ही रशिया आणि चीनच्या सीमेवरून वाहणारी नदी. तिच्या आसपासच्या प्रदेशात हे ससाणे पिल्लं वाढवतात आणि हिवाळा काढायला थेट आफ्रिकेच्या दक्षिण भागात जातात. वाटेत ईशान्य भारतात थांबतात ते खाण्यासाठी. पावसानंतर तिथे पंख फुटलेली वाळवी थव्यांनी बाहेर पडते. नवं वारूळ वसवायला निघालेल्या या वाळवीच्या अंगात भरपूर चरबी असते. ती खाऊन ससाणे गुबगुबीत होतात. तीच चरबी पुढच्या प्रवासाचं इंधन! कारण पुढे अरबी समुद्र आहे आणि तिथे विसावा घ्यायला फांदी कुठली? रात्रंदिवस उडत राहायचं, थेट सोमालियापर्यंत. बरं, त्याच दिवसांत चतुरांचे थवेही भारतातून आफ्रिकेकडे निघतात. ससाणे उडता उडता त्यांना मटकावत असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

आता एक दुःखाची गोष्ट सांगायलाच हवी. नागालँडमध्ये डोयांग धरणाजवळ पांगती गाव आहे. धरणात शेतं बुडाली होती, लोक मासेमारीकडे वळले होते. मासे धरायची जाळीच ते झाडांमध्ये बांधत. 2012 साली तिथे रोज हजारो ससाणे जाळ्यात सापडत आणि विकले जात. त्याची छायाचित्रं जगभर पोहोचली. मग गावकऱ्यांनी, गावातल्या वडीलधाऱ्यांनी, चर्चनं आणि वनखात्यानं मिळून ठरवलं, की आता एकही जाळं लावायचं नाही. पुढच्याच वर्षी, 2013 मध्ये, तिथे एकही ससाणा जाळ्यात गेला नाही. एका वर्षात! मला तर समुद्र ओलांडण्याइतकंच हेही अवघड वाटतं.

त्याच वर्षी तीन ससाण्यांच्या पाठीवर जेमतेम पाच ग्रॅमची, सौरऊर्जेवर चालणारी यंत्रं बसवली. उपग्रहामुळे ते कुठे पोहोचले, हे कळू लागलं. त्यांची नावं नागा, वोखा आणि पांगती. हो, गावाचंच नाव! नागा आणि पांगती आफ्रिका गाठून पुढच्या वर्षी पुन्हा डोयांगला आले.

हे प्रवासी महाराष्ट्रावरूनही जातात. लोणावळ्याच्या परिसरात ते दिसले आहेत. नर ओळखायचा कसा? अंग राखाडी, पाय नारिंगी-लाल, आणि उडताना पंखांची आतली बाजू पांढरीशुभ्र. मादीच्या पांढऱ्या छातीवर काळपट ठिपके असतात. दिसला, तर वहीत तारीख लिहा आणि वारा कुठून वाहतोय तेही टिपून ठेवा. पूर्वेकडून येणारा वारा त्याला समुद्राकडे ढकलायला मदत करतो.