मुलांनी बाहेर थांबावं

"२०० रुपयांत घर नावावर होतंय, मग मृत्युपत्राचा खटाटोप कशाला?" पुण्यातल्या एका वकीलबाईंच्या कार्यालयात एक मुलगा विचारत होता. शेजारी त्याची ऐंशी ओलांडलेली आई.

माझ्या ओळखीतल्या एका काकांनी राहता फ्लॅट मुलाला बक्षीस दिला, आणि पुढे पाहुणा बोलवायचा तरी सुनेला विचारायची वेळ त्यांच्यावर आली. हे कागद होतात कसे, ते मला बघायचं होतं. वकीलबाईंनी आणि या कुटुंबाने बसू दिलं.

मुलाचं म्हणणं खरं होतं. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपयेच. अधिभार आणि इतर खर्च वेगळा. पण बक्षीसपत्राने मालकी देणाऱ्याच्या हयातीतच जाते, आणि मन बदललं म्हणून ती परत मिळत नाही. मृत्युपत्र मात्र, ते करणाऱ्याची बुद्धी शाबूत असेपर्यंत, कितीदाही बदलता येतं. त्याला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो, नोंदणीची सक्ती नाही. सहीला दोन साक्षीदार मात्र हवेतच. ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नये.

"दादा, तुम्ही जरा बाहेर थांबा," वकीलबाई म्हणाल्या.

"आईला कमी ऐकू येतं."

"मी मोठ्याने बोलेन."

दार लागलं. "आजी, घर कोणाला द्यायचंय?"

"तो म्हणेल तसं."

"तो बाहेर आहे."

आजी बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "लेकीला काहीच नाही दिलं, तर ती माहेरी यायची कशी? आणि मी आहे तोवर मला तिथून कोणी हलवू नये." हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. आजींना काय हवंय, हे घरात इतक्या दिवसांत कोणी विचारलंच नव्हतं.

मुलाला बाहेर काढण्यात त्याचंही हित होतं. दडपणाखाली केलेलं मृत्युपत्र १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार टिकत नाही. ज्याला मोठा वाटा मिळतो त्यानेच सगळा पुढाकार घेतलेला दिसला, तर न्यायालय संशय फिटेपर्यंत पुरावा मागतं. बाकी काम नेहमीचं: ठेवींची यादी, डॉक्टरांचा दाखला. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही बाईंनी समजावलं. शेअरांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये तेच सांगितलं आहे. सक्ती नसली तरी आजींचं मृत्युपत्र नोंदवायचं ठरलं. नोंदणी कार्यालयात त्यांचा झिजलेला अंगठा यंत्रावर उठेना, तेव्हा तिथल्या मुलीने तो हळुवार पुसून पुन्हा टेकवला.

कोणाला बक्षीसपत्रच करायचं असेल, तर सांभाळण्याची अट त्यातच लिहून घ्यावी. ती मोडली तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरण ते रद्द करू शकतं. अट लिहिलेली नसली की म्हाताऱ्या माणसाची लढाई फार कठीण होते.

२०० रुपयांचा आकडा म्हणूनच मला स्वस्त वाटत नाही. त्यात आईचं छप्पर जातं, तिचा शब्द जातो. मुलांनी कागद जमवावेत, रिक्षा आणावी, हात धरून जिना चढवावा. विचारायची वेळ आली की बाहेर थांबावं.