अर्ध्या बैशाचा बग

मस्कतमध्ये २५० बैशांच्या एखाद्या वस्तूचे बिल करायचे आहे असे समजा. ओमानमध्ये १६ एप्रिल २०२१ पासून ५ टक्के व्हॅट लागू आहे. २५० वर ५ टक्के म्हणजे साडेबारा बैसा. अर्ध्या बैशाचे नाणे नाही, त्यामुळे बिलावर १२ छापायचे की १३, हे सॉफ्टवेअरला ठरवावे लागते. हा निर्णय घेणारे एक सॉफ्टवेअर मुंबईत घडते.

त्याचे नाव ईआरपीनेक्स्ट, आणि ते ज्या पायावर उभे आहे तो फ्रॅपे फ्रेमवर्क. रुशभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या व्यवसायाची गरज म्हणून या कामाला हात घातला आणि २००८ मध्ये मुंबईत कंपनी काढली. फ्रेमवर्क पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला आहे. त्याचा सगळा कोड गिटहबवर खुला आहे, कोणीही वाचावा, दुरुस्त करावा. आखातातले अनेक छोटे-मध्यम व्यवसाय आज आपला हिशेब ईआरपीनेक्स्टवर ठेवतात.

ओमानचा हिशेब भारतीय सवयीच्या प्रोग्रामरची परीक्षा पाहतो. मस्कतच्या बाजारात १९५९ ते १९७० या काळात रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी काढलेला रुपया चालत असे. पुढे ओमानचे स्वतःचे चलन आले आणि एका रियालचे १००० बैसा झाले. म्हणजे दशांशानंतर तीन स्थाने. जिथे जिथे कोणी दोन स्थाने गृहीत धरून कोड लिहिला असेल, तिथे तिथे ओमानचे बिल चुकणार. फ्रॅपेमध्ये देशांची माहिती देणारी एक फाइल आहे. तिच्यात प्रत्येक देशाच्या चलनाचे किती भाग, आकडे कसे लिहायचे, हे नोंदलेले असते. पण नोंद असणे वेगळे आणि प्रत्येक बेरजेत ती पाळली जाणे वेगळे.

खरी गुंतागुंत राउंडिंगची. एकच हिशेब दोन ठिकाणी होतो: तुम्ही आकडा टाइप करताना ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट, आणि सेव्ह करताना सर्व्हरवर पायथन. पायथनचे मूळचे फंक्शन १२.५ ला जवळच्या सम आकड्याकडे नेते, म्हणजे १२. जावास्क्रिप्टचे फंक्शन त्याचेच १३ करते. माल परत आला की रक्कम उणे होते, आणि तेव्हा जावास्क्रिप्ट उणे १२.५ चे उणे १२ करते. विकताना १३ आणि परतीला १२! त्यात संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत ठेवतो, त्यामुळे ०.०१२५ रियाल त्याच्याकडे काटेकोर ०.०१२५ नसतातच, कणभर जास्त असतात. ‘बरोबर अर्धा’ म्हणजे काय हेच त्याला नीट कळत नाही. म्हणून फ्रॅपेला दोन्ही भाषांत स्वतःची राउंडिंगची फंक्शने ठेवावी लागतात आणि त्या दोघांची उत्तरे जुळवावी लागतात.

राउंडिंगच्या या दुरुस्तीसाठी लिहिलेल्या टेस्ट मला फ्रेमवर्कमधला सर्वांत सुंदर भाग वाटतात. हायपोथेसिस नावाच्या पायथन लायब्ररीला सांगितले जाते: उणे दहा कोटी ते अधिक दहा कोटी यांमधली कोणतीही रक्कम निवड, दशांशस्थानेही बदलत राहा, आणि आमचे उत्तर पायथनच्या अचूक दशांश गणिताशी ताडून पाहा. माणसाला जे आकडे सुचणार नाहीत, ते यंत्र शोधून काढते. ब्राउझरच्या बाजूच्या राउंडिंगसाठी वेगळ्या टेस्ट आहेत.

दुरुस्तीआधीची राउंडिंगची जुनी पद्धत काही आकड्यांवर चुकत होती, तरी ती काढून टाकलेली नाही. सेटिंगमध्ये आज तीन पर्याय दिसतात: जुने बँकर्स राउंडिंग (अर्ध्याला सम आकड्याकडे नेणारे), सुधारलेले बँकर्स राउंडिंग आणि व्यापारी राउंडिंग (अर्ध्याला शून्यापासून दूर नेणारे). मागच्या वर्षांची वह्या-खाती ज्या पद्धतीने बंद झाली, ती एका अपडेटने बदलली तर हिशेबनीसाने काय करायचे? इतका विचार करणारी दुरुस्तीच मी पूर्ण मानतो.

बग दुरुस्त करण्याची बाकी शिस्त साधी आणि कंटाळवाणी आहे. बदलाच्या शीर्षकात ‘फिक्स’ लिहायचे, सोबत टेस्ट जोडायची. ती टेस्ट जुन्या कोडवर फेल झाली पाहिजे, नाहीतर तिने काहीच सिद्ध केले नाही. मग मारियाडीबी आणि पोस्टग्रेस या दोन्ही डेटाबेसवर सगळ्या टेस्ट चालतात. एका टेस्टने मागे ठेवलेली नोंद दुसरीला पाडते, आणि असला कधी पास कधी फेल होणारा प्रकार हुडकण्यात दिवस जातात. या कामाला टाळ्या मिळत नाहीत. मिळायला हव्यात.

मस्कत, सोहार, सलालाह इथल्या हिशेब खात्यांत बसणाऱ्या मराठी वाचकांना एक विनंती. पडद्यावरचा बैसा चुकलेला दिसला, तर एक्सेलमध्ये परस्पर दुरुस्त करून पुढे जाऊ नका. गिटहबवर इश्यू उघडा. आवृत्ती, चलन, दशांशस्थाने, राउंडिंगचा निवडलेला पर्याय, टाकलेला आकडा, आलेले उत्तर आणि अपेक्षित उत्तर एवढे लिहा. प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. टेस्ट लिहायला एवढी माहिती पुरते.