घडी घालणाऱ्याचं नाव नसतं

लंडनच्या ग्रिनिचमध्ये, क्रूम्स हिलच्या चढावर, १७२१ साली बांधलेल्या लगतच्या दोन घरांत हातपंख्यांचं संग्रहालय आहे. हेलेन अलेक्झांडर यांच्या संग्रहातून ते १९९१ मध्ये उभं राहिलं. संपादकांना चित्रांवर लेख हवा होता. मी अडकलो ते घड्यांत.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा फ्रेंच पंखा आकारावरून ओळखू येतो. क्रांतीनंतर बायकांचे घेरदार झगे सडसडीत झाले आणि पंखेही आखडले. काही तर जेमतेम वीतभर. रेशमावर टिकल्यांची वेलबुट्टी आणि मधोमध एखादं चिमुकलं रंगवलेलं चित्र, एवढाच थाट.

चित्रकार रंगवतो ते सपाट पान. कागदाचं, रेशमाचं नाहीतर कोकराच्या पातळ कमावलेल्या कातड्याचं. ते पुढे घडी घालणाऱ्याकडे जातं. त्याचा साचा म्हणजे आधीच चुण्या पाडलेले जाड कागदाचे दोन जोडीदार पंखे. त्यांच्यामध्ये पान बसवायचं, कडा जुळवायच्या आणि तिन्ही थर एकदम मिटत न्यायचे. साच्याची प्रत्येक चुणी पानात उतरते. पान दुहेरी असेल तर दोन थरांमधून चपटी सळई फिरवून काड्यांना वाट करून द्यायची. शेवटी काड्या आत सरकवायच्या. सुरुवातच केसभर चुकली, तर चूक चुणीगणिक वाढत जाते आणि मिटलेल्या पंख्याची एक कड बाहेर डोकावते. पंख्यावर सही असलीच, तर ती सहसा चित्रकाराची. साचा मिटणाऱ्याची कधीच नाही.

पंखा जगतो घडीवर आणि झिजतोही घडीवरच. जाड रंगाचे पोपडे आधी चुणीच्या धारेवर सुटतात. टिकल्यांच्या भाराने रेशीम तिथेच उसवतं. कायम उघडा ठेवला तर उजेडाने रंग उडतो, पानावर ताण येतो. म्हणून इथले पंखे आलटूनपालटून मांडतात, बाकीचे अंधारात विश्रांती घेतात.

दुसरी अडचण कायद्याची. त्या काळातल्या कितीतरी पंख्यांच्या काड्या हस्तिदंताच्या. ब्रिटनचा २०१८ चा हस्तिदंत कायदा २०२२ मध्ये लागू झाला. पंख्यात हस्तिदंत एक दशांशाहून जास्त असेल, तर तो १९१८ पूर्वीचा आणि कला, संस्कृती किंवा इतिहासाच्या दृष्टीने असामान्य ठरला तरच सर्वसामान्य बाजारात विकता येतो. मान्यताप्राप्त संग्रहालयांना खरेदीची मुभा आहे. आजीचा साधा हस्तिदंती पंखा नातीला देता येतो, पण बाजारात नेता येत नाही.

हत्तींसाठी हा कायदा हवाच, त्याबद्दल दुमत नाही. पण विकताच येत नसलेल्या वस्तूच्या दुरुस्तीवर पैसा कोण घालणार? उत्तम चित्राचे पंखे तरतील. साधे पंखे, चित्र बेताचं पण चुणी न् चुणी सारखी असलेले, कपाटात उसवत जातील. आणि घडी घालणाऱ्याचा हात या साध्या पंख्यांतच सर्वांत स्वच्छ दिसतो. तिथे लक्ष वेधून घेणारं चित्र नसतं.