सावलीत निवळणारे सांडपाणी

कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात हम्बोल्ट खाडीच्या काठी आर्केटा हे गाव आहे. वस्ती अठरा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान नगरपालिकेएवढी. या खाडीत कालवांची शेती चालते. कालव पाणी गाळून त्यातले अन्न घेते. पाण्यात मैल्याचे जंतू असले तर तेही त्याच्या अंगात साठतात. त्यामुळे सांडपाण्याचा प्रश्न इथे थेट पोटापाण्याशी जोडलेला.

१९७४ साली राज्याने खाड्यांमध्ये सांडपाणी सोडण्यावर बंधन आणले. सोडायचेच असेल तर त्यामुळे खाडीचे भले होते, हे दाखवून द्या, अशी अट होती. खाडीकाठच्या सगळ्या गावांसाठी एकच मोठे शुद्धीकरण केंद्र बांधून पाणी थेट समुद्रात न्यायची योजना पुढे आली. आर्केटाला तिचा खर्च झेपणारा नव्हता. गावाने अटीच्या उत्तरार्धावर बोट ठेवले. हम्बोल्ट स्टेट विद्यापीठातील जॉर्ज ॲलन सांडपाण्यात खाडीचे पाणी मिसळून त्यात सामन माशांची पिल्ले वाढवत होते. अभियंते रॉबर्ट गिअरहार्ट यांनी पाणथळीचा आराखडा मांडला. १९७९ मध्ये प्रयोग सुरू झाले आणि १९८६ मध्ये पूर्ण व्यवस्था उभी राहिली, तीही जुना कचरा डेपो आणि लाकूड गिरणीच्या पडीक जागेवर.

सांडपाणी आधी टाक्यांत निवळते. तळाशी बसलेला गाळ वेगळा कुजवला जातो. पाणी पुढे उथळ तळ्यांत जाते. तिथे जिवाणू विरघळलेली घाण खातात आणि त्यासाठी लागणारा ऑक्सिजन शेवाळ उन्हात तयार करते. हवा भरणारी यंत्रे इतर ठिकाणी जे काम वीज खाऊन करतात, त्यातले बरेचसे इथे सूर्य करतो.

पण आता पाणी हिरवेगार झालेले असते. ते तसेच सोडले तर शेवाळ खाडीत जाऊन मरेल, कुजेल आणि तिथला ऑक्सिजन संपवेल. इथे पाणथळीतल्या पाणकणसाची गरज पडते. ही झाडे घाण ‘पिऊन टाकतात’ असा सर्वसाधारण समज आहे. ती काही पोषकद्रव्ये घेतात खरी, पण त्यांचे मोठे काम निराळेच. दाट पात्यांच्या सावलीत शेवाळाला ऊन मिळत नाही. ते मरून खाली बसते. देठांच्या गर्दीत पाण्याचा वेग मंदावतो आणि बारीक कण तळ गाठतात. बुडालेल्या देठांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर असतो, तो उरलेली घाण फस्त करतो. जिथे ऑक्सिजन आहे तिथले जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात. ऑक्सिजन नसलेल्या चिखलातले दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. जंतुनाशन करून पाणी शेवटी खाडीला मिळते. या पाणथळीत तीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. खाडीचे भले होते, याचा पुरावा गावाला वेगळा शोधावा लागला नाही.

याची किंमत मात्र मोजावी लागते. यंत्रांऐवजी जमीन लागते, विजेऐवजी वेळ. साठलेला गाळ आणि वाळलेली पाने काढत राहावी लागतात, नाहीतर तीच कुजून पाणी नासवतात. कारखान्यांतून येणाऱ्या जड धातूंचे जिवाणू विघटन करू शकत नाहीत. शिवाय आर्केटाची ही जागा अगदी सखल असल्याने समुद्राची वाढती पातळी तिच्या मुळावर येऊ शकते.

पाणकणीस आपल्या गावांच्या नाल्यांतही आपसूक उगवते, तरी नाला स्वच्छ होत नाही. आधी निवळणे, मग ऊन, मग सावली हा क्रम तिथे नसतो आणि पाणी थांबतही नाही. त्यातून आपला पाऊस चार महिन्यांत कोसळणारा. पहिल्याच पुरात गाळ, देठ आणि जिवाणू सगळेच वाहून गेले तर वर्षाची मेहनत पाण्यात. म्हणून एखाद्या नगरपालिकेने अशी पाणथळ करायची ठरवली, तर आराखड्यात पहिली रेघ ओढावी लागेल ती पावसाच्या पाण्यासाठी वेगळ्या गटाराची.